सातवा महिना लागला, झोपेत मधेच श्वास अडकते

दारव्ह्याची_सून
पाचव्या महिन्यापासून घोरणं सुरू झालं, पहिले कधी नव्हतं. सासूबाई म्हणते, "वावरातली मोटर घरात आणली काय वं?" सगळे हसतात. पण परवा ह्यांनी रात्री मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. घोरता घोरता आवाज एकदम बंद, मग गचका देऊन श्वास. असं किती तरी वेळा. सकाळी उठली की डोकं जड, दुपारी डाळ पाखडता पाखडता डुलकी लागते. वजन माझं लग्नाच्या आधीपासून जास्तच हाय. मागच्या तपासणीत बीपी १३६/८६ होतं. झोपेचं तिथं कोणी विचारलंच नाही. शेजारीण म्हणते गरोदरपणात सगळ्याच घोरतात. खरं हाय काय?

सेलूची_आशाताई
शेजारणीचं अर्धं खरं. शेवटच्या महिन्यांत नाक आतून सुजते, वजन वाढते, म्हणून पुष्कळ जणी घोरतात. पण श्वास थांबणं वेगळं, तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकते. श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन उतरते आणि बीपी उसळी मारते. अशा बायकांत गरोदरपणातलं बीपी, शुगर, प्रीएक्लॅम्पसिया (बीपी वाढून बहुतेक वेळा लघवीतून प्रोटीन जाते, तो धोक्याचा आजार) जास्त दिसते. १४०/९० पासून बीपी वाढलं धरतात, तुझं त्याच्या काठावरच हाय. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, पण तू तोवर थांबू नको. लघवीतलं प्रोटीन अन् शुगर तपासून घे, रेकॉर्डिंग डॉक्टरले ऐकव. डोकं फार दुखलं, डोळ्यापुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं किंवा तोंडावर सूज आली, तर रात्र असो का दिवस, १०८ ले फोन लाव.

आर्णीचे_काका
रात्री नाकात गाईचं तूप सोडा. आमच्या घरी सगळ्यांचं घोरणं गेलं.

सेलूची_आशाताई
काका, तुपानं गळ्यातली वाट उघडत नाही.

पुसदची_मास्तरीण
मला दुसऱ्या वेळी हेच झालं होतं. नागपूरला रात्रभराची झोपेची तपासणी केली अन् सीपॅप मशीन लावायला सांगितलं. नाकावर मास्क, त्यातून हवेचा दाब, त्यानं गळा मिटत नाही. औषध नाही, गरोदरपणात चालते. पहिल्या रात्री मास्क ओरबाडून फेकला होता मी! मग सवय झाली, अन् दुपारची झोप पळाली. आमच्याकडे रात्री लाईट जाते, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतली. पाण्याची वाफ देणारा भाग बंद ठेवला की बॅटरी जास्त पुरते. डाव्या कुशीवर झोप, डोकं थोडं उंच ठेव. झोपेची गोळी मनानं घेऊ नको. अन् सिझरची वेळ आलीच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना श्वासाचं आधीच सांग, हे फार जणी विसरतात.

दारव्ह्याची_सून
उद्या सकाळच्या एसटीनं जातो. सासूबाईले रेकॉर्डिंग ऐकवलं, तर आता तीच मागं लागली चाल म्हणून. मशीन भाड्यानं भेटते काय?

पुसदची_मास्तरीण
भेटते. पण आधी झोपेची तपासणी, मग मशीनच्या हवेचा दाब किती ते डॉक्टर ठरवतात. दुकानातून उचलून आणू नको. अन् बाळंतपणानंतर तपासणी पुन्हा करायची असते. माझा श्वास अडकण्याचा त्रास तेव्हा गेला होता, सगळ्यांचा जातेच असं नाही.