एअरकॉनमधून गादीवर पाणी : स्वतः उघडू का?

मृ. (पुंगोल), मंगळवार रात्र

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या मीटिंगचा धागा सोडून मध्येच घरचं रडगाणं घेऊन येते, माफ करा. आमच्या बेडरूममधल्या एअरकॉनमधून पाणी ठिबकतंय. लावल्यावर तासाभराने सुरू होतं आणि नेमकं उशाशी पडतं. दोन रात्री बादली घेऊन झोपलो. घर आमचंच आहे, एचडीबी (सिंगापूरमधलं सरकारी गृहयोजनेचं), सिस्टिम थ्री. म्हणजे बाहेर एक युनिट आणि आत तीन.

काल एक माणूस येऊन पाहून गेला. पाच मिनिटांत त्याचं निदान झालं : गॅस कमी आहे, शिवाय तिन्ही युनिटांचं केमिकल ओव्हरहॉल, म्हणजे सगळं सुटं करून रसायनाने धुणं, करावं लागेल. आकडा ऐकून मी चहाचंही विचारलं नाही. नवरा म्हणतो, व्हिडिओ बघून आपणच उघडू. त्याने याआधी उघडलेला मिक्सर अजून डब्यात आहे, म्हणून आधी इथे विचारते.

मृ.

वि. गो. (क्लेमेंटी), बुधवार सकाळ

अगं मृ.,

आधी एक काम कर. एअरकॉन तासभर चालू दे आणि मग पुढचं झाकण वर करून टॉर्चने आत बघ. जाळीमागे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची कॉइल दिसेल. तिच्यावर बर्फ किंवा पांढरा थर आहे का? असेल तर जाळ्या धुऊन पुन्हा बघ. हवा अडली तरी कॉइल गोठते, आणि तो बर्फ वितळला की पाणी कॉइलखालच्या ट्रेच्या बाहेर पडतं. जाळ्या स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल तर गॅसचा संशय घ्यायला जागा आहे. बर्फ नाही, गारवा नेहमीसारखा आहे आणि तासाभराने ठिबकतं, तर ट्रे भरून वाहतोय. म्हणजे निचऱ्याची नळी तुंबली आहे.

गॅसबद्दल एवढंच लक्षात ठेव, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीतून गोल फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. ‘गॅस कमी आहे’ म्हणणाऱ्याने गेज (दाब मोजायचं मीटर) लावलं होतं का? लावलं नसेल तर त्याला कळलं कसं, ते विचार.

वि. गो.

मृ., बुधवार रात्र

काका, बर्फ नाही. गारवा उत्तम आहे. गेज वगैरे काही लावलं नव्हतं, हात लावून ‘थंड नाही’ म्हणाला.

मग उघडू का?

शि. (जुराँग वेस्ट), बुधवार उशिरा

उघड, पण माझी गंमत आधी ऐक. गेल्या वर्षी मी आमचं उघडलं होतं. रिमोटने बंद केलं, बाथरूमबाहेरचा मोठा स्विचही बंद केला, म्हटलं झालं. तो निघाला गीझरचा. ओला ब्रश आत घातला आणि कोपरापर्यंत अशी झिणझिणी गेली की शिडीवरून सरळ पलंगावर आलो. पलंग होता म्हणून आज हा मेल लिहितोय. तेव्हापासून आमच्याकडे जाळ्या सोडून बाकी सगळं मेकॅनिककडे.

शि.

वि. गो., गुरुवार सकाळ

शि.ने हसत सांगितलं, पण हसण्यासारखं नाही. रिमोटने बंद केलेल्या युनिटच्या आत 230 व्होल्ट तसेच असतात. रिमोट फक्त पंखा थांबवतो. बोर्ड जागा असतो, म्हणून तर पुढचा हुकूम ऐकू शकतो. आपल्याकडच्या मल्टी सिस्टिममध्ये आणखी एक गंमत आहे. आतल्या युनिटची वीज बहुतेक वेळा खोलीतून येत नाही, बाहेरच्या युनिटकडून केबलने आत येते. म्हणून बेडरूममधले सगळे स्विच बंद केलेस तरी उपयोग नाही. बाहेरच्या युनिटचा आयसोलेटर, म्हणजे त्याची वीज पूर्ण तोडणारा स्विच, शोधायचा, तो बंद करायचा आणि डीबी बॉक्समधला (घराच्या मुख्य वीजपेटीतला) त्याचा ब्रेकरही खाली पाडायचा. मग तिन्ही खोल्यांतले रिमोट दाबून बघ, एकाही युनिटने बीप करता कामा नये. त्यानंतर दहा मिनिटं थांब, एअरकॉनच्याच इन्व्हर्टर सर्किटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. डीबी बॉक्सवर चिठ्ठी चिकटव, नाहीतर घरातलं कुणीतरी ‘वीज कशी गेली’ म्हणून खटका वर करेल.

आता उघडण्याचं. पुढचं झाकण आडवं होईपर्यंत उचललं की बाजूच्या खुंट्या सुटतात. जाळ्या काढ. हवेची दिशा बदलणारी लांब पट्टी आधी मधल्या कडीतून सोडव, मग किंचित वाकवून एका टोकाने काढ. ज्या टोकाला तिची छोटी मोटर आहे तिथे जोर लावू नकोस. स्क्रू पट्टीच्या वर छोट्या टोप्यांखाली लपलेले असतात, दोन किंवा तीन. ते काढूनही कव्हर हललं नाही तर ओढू नकोस, वरच्या कडेला खटके असतात. कव्हर खालून आपल्याकडे ओढून मग वर उचलायचं. प्रत्येक पायरीला फोटो काढ. स्क्रू वाटीत. उजवीकडचा बोर्ड कोरड्या फडक्याने आणि वरून प्लॅस्टिकने झाक.

कॉइलच्या पात्या ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाल. मऊ ब्रश पात्यांच्या रेषेतच वरून खाली फिरव, आडवा फिरवलास तर पात्या झोपतात आणि हवा अडते. झाडांना मारायच्या हातपंपाने साधं पाणी, फार तर भांड्यांच्या साबणाचा थेंब. बाजारातली कॉइलची रसायनं बरीचशी तीव्र अल्कली असतात. ती ॲल्युमिनियम खातात आणि डोक्यावर हात करून फवारली की डोळ्यांत येतात. मी घरात वापरत नाही.

इथे थांबायचं. ब्लोअर (आतला लांब गोल पंखा) काढण्यासाठी कॉइल हलवावी लागते, आणि कॉइल हलवली की मागच्या तांब्याच्या नळ्यांवर ताण येतो. त्या जोडांच्या पितळी नटांना पाना लावायचाच नाही. हल्लीच्या यंत्रांत आर 32 नावाचा गॅस असतो. तो सहजासहजी नाही, पण पेट घेतो. आणि बाहेरच्या युनिटकडे खिडकीतून वाकून बघणंसुद्धा नको. ते काम बीसीएकडून (इथल्या सरकारी बांधकाम खात्याकडून) प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

वि. गो.

अ. ता. (नोव्हेना), गुरुवार दुपार

भाड्याने राहणाऱ्यांनी हे वाचून लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलू नये. आमच्या करारात दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग आणि त्याच्या पावत्या, असं कलम आहे. बहुतेकांच्या करारात असतं. स्वतः कितीही लखलखीत केलं तरी पावती नसेल तर घर सोडताना डिपॉझिटवर बोट ठेवतात. जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवा, त्याला कुणी अडवत नाही.

मृ., तुझ्यासाठी एक विचारते. नळी तुंबली आहे हे नक्की असेल तर कव्हर काढायची गरज तरी आहे का? आमच्या माणसाने नळीच्या बाथरूममधल्या टोकाला ओलं-कोरडं (पाणीही ओढणारं) व्हॅक्यूम लावलं आणि दोन मिनिटांत काम झालं. बाहेर काय आलं ते जेवताना सांगण्यासारखं नाही.

वि. गो., गुरुवार संध्याकाळ

ता.चं बरोबर आहे, मी उगाच पुढे गेलो. निवृत्त माणसाला कव्हर दिसलं की हात शिवशिवतात.

नळीपासूनच सुरुवात कर. वीज मात्र तशीच बंद करायची. व्हॅक्यूमचं तोंड नळीच्या टोकाला लावून भोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळ. तिन्ही युनिटांची नळी एकच असेल तर हवा दुसऱ्या युनिटमधून ओढली जाईल आणि गाळ जागचा हलणार नाही. तेव्हा बाकीच्या दोन ट्रेंची तोंडं कापडाने बंद करावी लागतील. उलटी हवा फुंकू नकोस. गाळ वर ट्रेमध्ये येतो, आणि ट्रंकिंगमध्ये (नळ्या झाकणाऱ्या पट्टीत) एखादा जोड निसटला तर पाणी भिंतीत.

शेवटी जाळ्या काढून, कॉइलच्या खालच्या कडेला हळूच तांब्याभर पाणी सोड आणि बाथरूममध्ये किती येतं ते बघ.

वि. गो.

मृ., रविवार दुपार

झालं!

आयसोलेटर सर्व्हिस यार्डात (स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत) वर, कपाटामागे सापडला. सहा वर्षं राहतोय, पहिल्यांदा पाहिला. दिवाणखान्यातल्या रिमोटने बीप आला, म्हणजे आयसोलेटर नीट बंद झाला नव्हता आणि ब्रेकरही चुकीचा पाडला होता. तिन्ही रिमोट दाबायला सांगितलं नसतं तर मी थेट हात घातला असता. दुसऱ्या खेपेला सगळं गप्प.

नळी आमची एकच निघाली. पहिल्यांदा व्हॅक्यूम नुसतं घोंघावलं. बाकीचे दोन ट्रे नवऱ्याचे जुने मोजे कोंबून बंद केले, तेव्हा साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी, पण करडं, भसकन बाहेर आलं. अर्धा मग तरी असेल. मग तांब्याभर पाणी सोडलं, बाथरूममध्ये धार. मोजे आठवणीने काढले. कव्हर उघडलंच नाही. नवरा थोडा हिरमुसला आहे.

दोन रात्री गादी कोरडी. ओव्हरहॉलवाल्याला नको म्हणून कळवलं. बैठकीच्या खोलीतल्या युनिटला मात्र ब्लोअरपाशी काळे ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो. त्यासाठी माणूस बोलवीन, पण त्या एकाच युनिटसाठी.

व्हॅक्यूम शेजारच्यांचं होतं, परत दिलं. मंडळासाठी एक घ्यायचं का? गणपतीच्या पेट्यांबरोबर राहील.

शि., रविवार संध्याकाळ

माझ्याकडे आहे, वीस लिटरचं. शनिवारनंतर कुणीही न्या. फक्त धुऊन परत द्या, ती खीर आत ठेवू नका.

आणि काका, आमच्या आयसोलेटरला कुणी चिठ्ठी चिकटवलेली नाही. एकदा येऊन दाखवता का कुठला तो?