कादंबरीची प्रेरणा पुस्तकांतून मिळते की माणसांतून?

पऱ्हाटी:
यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावात मी राहतो आणि दोन वर्षांपासून आईच्या आयुष्यावर कादंबरी लिहीत आहे. वाचलेली पुस्तके मनात ठेवून लिहायला बसलो की वाक्ये देखणी उतरतात, पण त्यांत आई कुठेच दिसत नाही. आणि तिच्या वऱ्हाडी बोलीत लिहू लागलो की दूरच्या वाचकाला ते कळेल का, या शंकेने हात थांबतो. ज्यांनी कादंबरी पूर्ण केली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

धुऱ्यावरून:
माझ्या दोन कादंबऱ्या छापून आल्या आहेत. दुसरीचे बीज मला सीतादहीच्या सकाळी मिळाले. पहिल्या वेचणीआधी काकूंनी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवला, पदराची ओटी कमरेला खोचली आणि वेचायला सुरुवात केली, तोच वाळलेल्या बोंडाच्या टोकाने त्यांच्या नखाशेजारची कातडी उकलली. बोट तोंडात घालण्याआधी त्यांनी ओटीतल्या कापसाकडे पाहिले, त्याला रक्ताचा डाग तर लागला नाही ना, म्हणून. त्या नजरेचा अर्थ लावण्यात माझी चार वर्षे गेली. तशी नजर टिपण्याची सवय मात्र मला वाचनानेच लावली, त्यामुळे पुस्तकांना दूर सारू नका. फक्त लिहिताना ती मिटलेली असू द्या.

बोलीविषयी म्हणाल, तर उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली आणि तिच्यातील कौतिकचे वऱ्हाडी बोलणे सबंध महाराष्ट्राने वाचले. वाचकाला एखादा शब्द अडला तरी माणूस कळला की तो पुढे जातो, असे माझे ठाम मत आहे.

ऋद्धिपूरकर:
मी लेखक नाही, वाचक आहे. पण आमच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी गोळा करून. तुमच्या आईबरोबर वेचायला जाणाऱ्या बायका गावात असतीलच. त्यांच्याकडे जा, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, न सुधारता उतरवून घ्या.

पऱ्हाटी:
आपणा दोघांचेही मनापासून आभार. बायकांकडे जाण्याआधी काल रात्री आईलाच बोंडाच्या टोकांविषयी विचारले. ती म्हणाली, “बोटाले चिंध्या गुंडाळून येचो आम्ही. पन तुह्या बापाले त्या कधी दिसू देल्ल्या नाई, घरी याच्या अगोदर सोडून टाको.” इतकी वर्षे एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हते. पहिले प्रकरण आज नव्याने लिहायला घेतले आहे, आणि त्याची सुरुवात याच दोन वाक्यांनी केली आहे.