मदत हवी आहे: स्विंग कीलचं भोक झिजलंय, बुश कसला घालू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत आमचं छोटं मशीनशॉप आहे, लेथ आणि बोरिंगचं काम. गेल्या दिवाळीनंतर गोव्यात ओळखीच्या एका काकांकडून १९ फुटी शिडाची बोट घेतलो, फायबरची, स्विंग कीलवाली. म्हणजे बोटीच्या पोटाखाली बिडाचं जड पातं एका पिनवर फिरतं, आतनं विंच फिरवला की केबलनं वर येतं. पातं खाली असलं तर साडेचार फूट पाणी लागतं, वर घेतलं की दीड फुटात काम होतं. म्हणून तर हीच घेतली, कारण आमचं फिरणं तेरेखोलच्या खाडीत, शनिवारी पहाटे आंबोली उतरून आरोंद्याला जायचं, दुपारी खारे वारे लागले की शीड चढवून बाहेर रेडीच्या बाजूला, आणि खाडीच्या तोंडावर वाळू साठलेली असते तिथं ओहोटीला मोठी कील घेऊन जाताच येत नाही.

आता अडचण सांगतो. फेब्रुवारीत एकदा नांगर टाकून बोटीतच झोपलो होतो, मुलगी पण होती सोबत. बाजूनं लाट आली की खालनं ठक्, परत ठक्, रात्रभर तेच. कीलच्या पेटीवर, म्हणजे पातं वर घेतलं की ज्यात शिरतं त्या खोक्यावर, हात ठेवला तर प्रत्येक ठोका तळहाताला लागत होता. मुलगी घाबरून विचारायली, बाबा बोट फुटायलीय काय. तेव्हापासून माझ्या डोक्यातनं ते जाईना, त्यामुळं मेअखेर बोट ट्रेलरवर घालून वर आणलो, चेनब्लॉकवर उचलून पातं खाली सोडलो.

पिन मूळची २५ एमएमची, मधे व्हर्नियर लावला तर २३.४ भरली. पात्याचं भोक एका बाजूनं २५ आणि दुसऱ्या बाजूनं २७, म्हणजे अंड्यासारखं झालंय. केबलच्या दोन-तीन बारीक तारा तुटून बाहेर आल्यात, ती तर बदलणारच, कारण २०० किलोच्या आसपासचं लोखंड एकदम खाली सुटलं तर पेटीच फोडेल. आणि एक बघितलो ते मला अजिबात आवडलं नाही. भोकाच्या कडेला चाकूनं खरवडलं तर बीड पेन्सिलीच्या शिशासारखं काळं, मऊ निघायलंय. रोज बिडाचं काम करतो मी पण असं कधी बघितलो नव्हतो.

माझा विचार असा की भोक ३२ एमएमला बोर करून गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, दाबून बसवायचा आणि ३१६ स्टेनलेसची नवीन पिन. पण खाऱ्या पाण्यात बिडात गनमेटल घातलं तर बीडच खाल्लं जाईल काय? शिवाय आत्ता इथं पावसाची झड लागलीय, ब्लास्टिंग करून (वाळूच्या माऱ्यानं गंज काढून) इपॉक्सीचा लेप मारायचा म्हटलं तर लोखंड दोन तासात लाल होतंय. आणि कील खाली असताना तिला जागेवर अडकवणारा लॉकबोल्ट लावून ठेवायचा की मोकळा सोडायचा, यावर दोन माणसं दोन सांगतात. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, दसऱ्याला बोट पाण्यात घालायचीय.

उत्तर (मालवणहून)

दादा, ते काळं मऊ म्हणजे बिडातलं लोखंड खाऱ्या पाण्यानं खाऊन टाकलंय आणि नुसतं ग्राफाईट उरलंय. आकार तसाच दिसतो पण ताकद शून्य. ३२ वर अडून बसू नका, स्वच्छ धातू लागेपर्यंत बोर करत जा आणि सगळं पातं हातोडीनं ठोकून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. जिथं बद्द वाजेल तिथं खरवडून काढा.

गनमेटल नको, तुमची शंका बरोबर आहे, दोन धातू खाऱ्या पाण्यात चिकटले की बीड मरतं. डेलरिनचा (कडक प्लास्टिकचा) बुश करा, पिन आणि बीड वेगळं राहील. नायलॉन मात्र घालू नका, पाणी पिऊन फुगतो आणि पिन आवळतो. ठक् ठक् मात्र नुसत्या बुशनं जाणार नाही, पातं आणि पेटीमधे दोन्ही बाजूंनी जागा उरते तिथं डेलरिनचेच वॉशर भरा. स्टेनलेसची पिन दर वर्षी काढून बघा, कोंडलेल्या पाण्यात तिलाही खड्डे पडतात.

इपॉक्सीसाठी खोली बंद करून दोन हॅलोजन लावा, पातं हाताला कोमट लागलं पाहिजे, थंड लोखंडाला घाम येतो. ब्लास्टिंग झाल्याझाल्या पहिला हात मारायचाच, जेवायला पण जायचं नाही.

लॉक उघड्या समुद्रात लावायचा, कारण बोट फार कलली तर पातं घसरून पेटीत जातं आणि बोट सरळ करणारं वजनच खाली राहत नाही. तेरेखोलच्या तोंडाशी आलात की काढायचा, वाळूला टेकलं तर पातं मागं फिरून वर जाईल, पिनवर मार येणार नाही.

धागाकर्ता

खूप आभार अण्णा. आत्ताच हातोडी घेऊन ठोकून आलो, खालचा टोकाकडचा भाग खणखणीत आहे, भोकापासून चार बोटं मात्र बद्द वाजायलंय. उद्या बोरिंगला लावतो, धातू कुठं लागतो ते इथंच लिहितो.