दगडमातीच्या भिंतीवर लाकडाचा रॅक कसा बसवावा? मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरात साखर पेठेत आमचं सुतारकामाचं दुकान आहे. जागा जुनी. आधी तिथं हातमाग होते, मागाचा खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी टाकलेली आहे. भिंत २ फूट जाडीची, दगडमातीची, वरून सिमेंटचा गिलावा.

सगळं लाकूड आतापर्यंत भिंतीला उभं टेकवलेलं असायचं. गेल्या आठवड्यात वडील मागची पट्टी ओढायला गेले आणि पुढच्या चार फळ्या घसरल्या. पाय थोडक्यात वाचला. वडिलांचं वय ७१ आहे. आता हे काम मला एक दिवसही लांबवायचं नाही.

माल साधारण २५ घनफूट साग, वर थोडी बाभूळ. वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलो धरला तर साडेचारशे किलोच्या वर जातो, बाभूळ त्याहून जड. म्हणून ६०० किलोचा हिशेब धरलाय. रॅक १० फूट लांब, चार मजली, माल ठेवायला खांबातून पुढं येणारे आडवे हात १६ इंची.

फॅब्रिकेटर म्हणाला, लोखंडी अँगलचे ब्रॅकेट करून अँकर फास्टनरनं, म्हणजे भोकात फुगून बसणाऱ्या बोल्टनं, ठोकू. काल एक भोक पाडून पाहिलं. दोन इंचांनंतर नुसती माती आली आणि फास्टनर जागेवरच फिरत राहिला. आरपार बोल्ट टाकता येत नाही, पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे.

वडिलांना लोखंड नकोच आहे. ते म्हणतात, सागाचे खांब, बाभळीचे हात, साल-कुसवाचा जोड (खांबात खाच, म्हणजे साल, आणि तिच्यात बसणारं हाताचं निमुळतं टोक, म्हणजे कुसू). ६०० किलोला हे पुरेल का?

प्रतिसाद :

आधी ते ब्रॅकेट थांबवा. फास्टनर भोकाच्या कडांवर फुगून पकड घेतो. कडेला माती असेल तर तो पकडणार कशाला?

वजन भिंतीला देऊच नका, जमिनीला द्या. दोन-दोन फुटांवर ६ खांब फरशीवर उभे करा. प्रत्येकावर १०० किलो येतील. हाताच्या मध्यावर, म्हणजे ८ इंचांवर भार धरा आणि खांब ६ फुटांवर भिंतीला बांधा. वरची ओढ १०० गुणिले ८ भागिले ७२, म्हणजे खांबाला जेमतेम ११ किलो. माल एकीकडे जास्त पडला तरी दुप्पट धरा. हेच सुट्या ब्रॅकेटला, ज्याचे बोल्ट ६ इंचांच्या अंतरावर आहेत, एका हाताच्या २५ किलोला वरच्या बोल्टवर ३३ किलोची ओढ येते, आणि तीही मातीत.

वर बांधण्यासाठी भिंतीला एक लांब आडवी पट्टी लावा. गिलाव्यावर हातोडीनं ठोकत जा, दगडावर आवाज टणक येतो, सांध्यावर भद्द. आडवी पट्टी असली की भोक खांबापाशीच हवं असं राहत नाही, दगडाचं पोट सापडेल तिथं पाडता येतं. काळा दगड आहे, साध्या ड्रिलनं बिट जळेल. रोटरी हॅमर भाड्यानं आणा.

वडिलांचं बरोबर आहे, लाकूड पुरतं. खांब ३ बाय ४ इंची, कुसू खांबाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जाड नको, नाहीतर खांबच कमजोर होतो. कुसू आरपार काढून पाचर मारा. हाताला टोकाशी ५-६ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चढ ठेवा, माल पुढं सरकत नाही. जड बाभूळ खाली, पण जमिनीपासून फूटभर वर, वाळवीसाठी. आणि तो मागाचा खड्डा नेमका कुठं आहे ते आधी शोधा.

मूळ प्रश्नकर्ता :

मनापासून आभार. फरशी ठोकून पाहिली. तिसरा आणि चौथा खांब खड्ड्यावरच येतो, तिथं आवाज पोकळ आहे. खांबांखाली खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकेल असा ४ बाय ४ चा आडवा ओंडका टाकला तर चालेल का? खड्डा साधारण ३ फूट रुंद आहे.

प्रतिसाद :

चालेल. पण दोन्ही काठांवर ओंडका किमान फूटभर तरी टेकला पाहिजे, आणि त्याच्याखालची फरशी हलत असेल तर आधी काढून काँक्रीट भरा. बाकीचे चार खांबही त्याच उंचीच्या तुकड्यांवर उभे करा, म्हणजे सगळे हात एका पाणसळीत येतील. वडिलांना सांगा, पाचर बाभळीचीच मारा.