ताकाकिया मॉस आणि सलीम अलींचे वटवाघूळ : तुलना कशावर करावी?

पाटीपेन्सिल
विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यासाठी आठवीच्या मुलांनी हिमालयातील ताकाकिया हे मॉस आणि पश्चिम घाटातील, सलीम अलींचे नाव लाभलेले फलाहारी वटवाघूळ अशी जोडी निवडली आहे. आकार, अन्न, पुनरुत्पादन असे रकाने पाडले, तर प्रत्येक रकान्यात 'वेगळे' एवढेच लिहावे लागते. या दोघांना जोडणारा एखादा धागा आहे का?

रानवाटा
आहे, ताई. दोघांचीही ओळख आधी चुकली होती. वटवाघळाचा नमुना १९४८ मध्ये अँगस हटन यांनी तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगरात मिळवला आणि आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या आखूड नाकाच्या वाघळाचे नाव लागून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पडून राहिला. १९७२ मध्ये किट्टी थोंगलोंग्या या थाई शास्त्रज्ञांनी त्याचे नव्याने वर्णन केले. शेपूट नाही, वरच्या व खालच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकेकच जोडी. त्यामुळे ती नुसती नवी जाती (species) नव्हे, तर लॅटिडेन्स ही नवी प्रजाती (genus) ठरली.

ओली भिंत
ताकाकियाचा घोळ तर शतकाहून अधिक चालला. १८६१ मध्ये तिचे वर्णन लिव्हरवर्ट, म्हणजे मॉसच्या जवळच्या पण वेगळ्या गटातील वनस्पती म्हणून झाले. पुढे जपानमध्ये नोरिओ ताकाकी यांना तिची सख्खी बहीण शोभेल अशी जाती मिळाली आणि १९५८ मध्ये प्रजातीला त्यांचे नाव दिले गेले, तरी गटाविषयीची शंका फिटली नाही, कारण बीजाणुकोश कोणी पाहिलाच नव्हता. श्रावणात कुंपणाच्या भिंतीवरचे मॉस भिंगातून पाहा. केसासारख्या देठाच्या टोकाला जी इवलीशी कुपी दिसते, तोच बीजाणुकोश. ताकाकियावर तो अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवर सापडला आणि १९९३ मध्ये त्याचे वर्णन छापून आल्यावर ती मॉसच असल्याचे पटले.

रानवाटा
'अधिक दुर्मीळ कोण?' हा रकाना मात्र घालू नका. वटवाघळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे (इतर बहुतेक फलाहारी वाघळे २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत त्याच कायद्यात उपद्रवी म्हणून नोंदलेली होती, हे मुलांना जरूर सांगा), तर तिबेटच्या पठारावर उबदार होत चाललेल्या हवेत ताकाकियाचे आच्छादन दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटत असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही दोन मापे एका तराजूत बसत नाहीत.

ओली भिंत
आणि तक्त्यावर 'शेवाळ' लिहू नका, 'मॉस'च लिहा. नाहीतर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाण्याच्या टाकीतला निसरडा हिरवा थर येईल.