नाव त्यांचं, मालकी कुणाची? – कृष्णवर्णीय तारे आणि मोठे ब्रँड

हिशेबनीस

१९९७ साली गॅप या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने रॅपर एलएल कूल जे याला जाहिरातीत घेतलं. पठ्ठ्या आला तो डोक्यावर फुबूची टोपी घालून! फुबू म्हणजे 'फॉर अस, बाय अस', न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या कृष्णवर्णीय पोरांनी काढलेली कंपनी. वर त्याने रॅपमध्ये तेच शब्द हळूच पेरले. खर्च गॅपचा, जाहिरात फुबूची. मला आजवरची ही सगळ्यात लाडकी जाहिरात.

आता दुसरं टोक बघा. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन १९८४ मध्ये नायकीकडे गेला. आज त्याच्या नावाच्या बुटांची वर्षाची विक्री पाच अब्ज डॉलरच्या पुढे आहे, त्याच्या हाती पडते ती रॉयल्टी, म्हणजे नाव वापरू दिल्याबद्दल विक्रीतला हिस्सा. रक्कम डोळे दिपवणारी आहे, मान्य. पण घर नायकीचं, हा भाडेकरू.

आणि भाडेकरूचं काय होतं ते आदिदाससाठी बूट डिझाइन करणाऱ्या रॅपर कान्ये वेस्टच्या बाबतीत दिसलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूविरोधी बडबडीमुळे आदिदासने त्याला काढलं. त्याची कीव करायचं कारण नाही, स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं. पण गंमत पुढे आहे. डिझाइनचे हक्क आमचेच, असं आदिदासने सांगितलं आणि उरलेले बूट २०२३ मध्ये विकायला काढले. माणूस गेला, त्याचा माल दुकानातच.

माझं म्हणणं सरळ आहे: ज्याच्याकडे एवढं नाव आहे त्याने स्वतःचं दुकान टाकावं, छोटं का असेना.

अटलांटाकर

असहमत. "छोटं का असेना" हे लिहायला सोपं आहे, हिशेबनीस.

मी सावळी. 'उजळ दिसतेस गं' ही आमच्याकडची मोठी शाबासकी, ती मला कधी मिळाली नाही. इथे अमेरिकेत आल्यावर मेकअपच्या दुकानात माझ्या रंगाचं फाउंडेशन शोधायचे तेव्हा एक तर मी पिठात पडल्यासारखी दिसायचे, नाही तर गंजल्यासारखी. २०१७ मध्ये गायिका रिहानाचा फेंटी ब्यूटी हा मेकअपचा ब्रँड आला तो एकदम ४० छटा घेऊन. गडद छटाच आधी संपल्या!

हे रिहानाने एकटीने केलं का? नाही. भागीदार एलव्हीएमएच, म्हणजे लुई व्हिताँवाले. ४० छटा एकाच दिवशी सतरा देशांत पोचवायच्या तर कारखाना, गोदामं, सेफोरा या मेकअपच्या दुकानसाखळीतली फळी, सगळं लागतं. आणि २०२१ मध्ये फोर्ब्सने तिला अब्जाधीश म्हटलं ते मुख्यतः याच धंद्यातल्या वाट्यामुळे, गाण्यांमुळे नव्हे. हा भाडेकरूपणा असेल तर मलाही एक खोली द्या.

हिशेबनीस

वाटा आहे म्हणूनच ना! तिने चेहरा भाड्याने दिला नाही, भागी मागितली. ही माझ्याच बाजूची साक्ष झाली. आणि त्याच एलव्हीएमएचबरोबर २०१९ मध्ये तिने कपड्यांचं फॅशन हाउस काढलं होतं, ते दोन वर्षं पुरी व्हायच्या आत थांबवलं. तेही लिहा.

गिरणगावचा

दोघंही ताऱ्यांबद्दल बोलताय. भांडवलाबद्दल कोण बोलणार? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (म्हणजे निम्मी कुटुंबं जिच्या वर, निम्मी खाली अशी) संपत्ती २,८५,००० डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. धंद्याला पहिले पैसे बापाकडून, काकाकडून, घर गहाण टाकून येतात. जिथे तारण ठेवायला घरच नाही तिथे 'स्वतःचं दुकान टाका' हा सल्ला म्हणजे भुकेल्याला उपासाचं पुण्य सांगणं.

आपल्याकडेही हा वाद आहेच. पुण्यात २००५ मध्ये डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर, उभं राहिलं. मोठ्या कंपन्यांना माल पुरवायचा की त्यांच्याशी टक्कर घ्यायची, यावर तेव्हापासून घसा कोरडा करणारे माझ्या ओळखीतच चार जण आहेत.

बुटवेडा

बुटांवर कुणी बोलतंय म्हटल्यावर राहवेना.

एकट्याने धंदा करणाऱ्यांचं काय झालं तेही बघा. स्टेफॉन मारबरी, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा खेळाडू. गरीब पोरांना परवडावेत म्हणून त्याने २००६ मध्ये १५ डॉलरचे 'स्टारबरी' बूट काढले आणि सामन्यात स्वतः तेच घातले. लोकांनी डोक्यावर घेतलं. पण विक्री एकाच दुकानसाखळीतून, आणि २००८ मध्ये त्या साखळीचंच दिवाळं वाजलं. उलट २०१७ मध्ये लव्हार बॉल या बापाने नायकी-आदिदासला धुडकावून आपल्या बास्केटबॉलपटू पोराच्या नावाचा बूट ४९५ डॉलरला काढला. पुढे पोरालाच त्या ब्रँडपासून लांब व्हावं लागलं.

बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनचं उदाहरण तर हिशेबनीसांना झोंबेल. १९७९ मध्ये नवख्या नायकीने त्याला शेअर देऊ केले होते, त्याने कॉन्व्हर्स या दुसऱ्या बूट कंपनीचे रोख पैसे घेतले. स्वतःच हळहळत सांगतो. त्यातून शिकला बहुतेक, कारण १९९८ मध्ये स्टारबक्सशी निम्मी-निम्मी भागी करून कृष्णवर्णीय वस्त्यांत दुकानं काढली. तिथे स्कोन (इंग्रजी धाटणीचा छोटा केक) कोण खाणार म्हणून रताळ्याची पाई, म्हणजे भरलेला गोड पदार्थ, ठेवली. २०१० मध्ये १०५ दुकानांतला आपला वाटा स्टारबक्सलाच विकून मोकळा. पूर्ण स्वतंत्र नाही, नुसता चेहराही नाही.

हिशेबनीस

झोंबलं नाही. शेअर सोडून रोख घेतली म्हणून तो पस्तावला, म्हणजे मालकीच मोठी!

मी ॲलिसन फेलिक्सचं नाव घेतो. धावपटू. गरोदरपणानंतर नायकीने मानधन ७० टक्के कमी देऊ केलं, हे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे लिहिलं. २०२१ मध्ये भावाबरोबर 'सेश' ही स्वतःची बुटांची कंपनी काढली आणि टोकियो ऑलिंपिकला त्याच बुटांत धावली. ४०० मीटरला ब्राँझ, रिलेला सुवर्ण. मोठ्या ब्रँडला याहून चोख उत्तर दाखवा.

अटलांटाकर

फेलिक्सला साष्टांग नमस्कार. पण पुढचं पान उलटा की. २०२२ मध्ये सेशने ८० लाख डॉलर उभे केले. पैसे घालणाऱ्यांत ॲथलिटा ही बायकांच्या खेळाच्या कपड्यांची कंपनी होती. ॲथलिटाची मालक कंपनी कोण, सांगा बघू?

गॅप.

बुटवेडा

😂😂 फिरून फिरून भोपळे चौकात!

हिशेबनीस

बरं बाई. पैसे गॅपचे चालतील. टोपी मात्र फुबूचीच घालणार.