गमी खाल्ली की रात्री पाय वळवळतात

प्रश्न: टोरांटोत राहतो. शनिवारी १० मिलिग्रॅमची गांजाची गमी (जेलीसारखी चघळायची गोळी) खाल्ली. दोन तासांनी आडवा झालो, तर पोटऱ्यांत मुंग्यांचं वारूळ! पाय झाडले की बरं, थांबवले की परत सुरू. बायको उशी घेऊन हॉलमध्ये गेली. कुणाला असं झालंय?

उत्तर: मला, होळीला भांग प्यायलो तेव्हा. एरवीही संध्याकाळी पाय शिवशिवतात का? मग फेरिटिन (रक्ततपासणीत कळणारा शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. माझं कमी, १८ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दोनेक महिन्यांत फरक पडला.

उत्तर: झोपेसाठी डायफेनहायड्रामिन (सर्दी-ॲलर्जीची, झोप आणणारी गोळी) घेता का? त्यानेही पाय जास्त वळवळतात.

प्रश्नकर्ता: अरे देवा! सर्दी होती म्हणून त्याच रात्री घेतली होती. फेरिटिनचं विचारतो डॉक्टरांना. बायको अजून हॉलमध्येच.